जामदारखान्याची शिस्त: घरातल्या मानाच्या वस्त्रांची जपणूक कशी करावी

मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे खात्यांत, खजिना, जवाहिरखाना, तोफखाना, फरासखाना यांच्या जोडीने जामदारखान्याची गणना होत असे. फारसी ‘जामा’ म्हणजे वस्त्र आणि ते बाळगणारा तो जामदार. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस अशा आठ दरकदारांत, म्हणजे हुद्देदार अधिकाऱ्यांत, त्याचे स्थान होते. पोतनीसाकडे रोकड असे, तर जामदाराकडे मौल्यवान जिन्नस आणि कापडचोपड असे. आज जामदार हे आडनाव पुष्कळांना ठाऊक असते, पण त्या नावामागचे काम काय होते याचा विचार क्वचित होतो. जामदार हा राजाच्या कपड्यांच्या घड्या घालणारा खिजमतगार नव्हता. कोणते वस्त्र कोठून आले, केव्हा जमा झाले, कोणाला दिले गेले आणि शिल्लक काय राहिले याचा हिशेब ज्याच्या जबाबदारीवर चालतो असा तो अधिकारी होता.

हा हिशेब इतका महत्त्वाचा का, हे दरबारी वस्त्रांचा अर्थ कळल्याशिवाय ध्यानात येत नाही. ‘खिलत’ म्हणजे मानाचा पोशाख, आणि या शब्दाच्या मुळाशी अंगावरून उतरवून देण्याची कल्पना आहे. स्वामीने आपल्या अंगावरचे वस्त्र सेवकाला द्यावे, म्हणजे त्याच्या अधिकाराचा अंश त्याला दिल्यासारखे होते. डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख तो शिरपाव. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या आग्र्याच्या दरबारात शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जोधपूरच्या जसवंतसिंगाला खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना मिळाली नाही, आणि पुढे समजूत घालण्यासाठी देऊ केलेला शिरपाव महाराजांनी साफ नाकारला. वाद कापडाचा नव्हता, ते वस्त्र स्वीकारल्याने जो दर्जा मान्य करावा लागला असता त्याचा होता. पेशवेपदाची नेमणूकसुद्धा आपण ‘वस्त्रे मिळाली’ अशाच शब्दांत सांगतो. १७२० साली बाजीरावांना शाहू महाराजांकडून ती मसूर गावी मिळाली, आणि १७७४ साली सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून वस्त्रे आली तेव्हा ते पुरंदरावर अवघे चाळीस दिवसांचे होते.

ज्यांच्या घरी असे एखादे मानाचे वस्त्र, जरीचा शेला, मंदील (जरीचे पागोटे), किनखाबाचा (जरीने विणलेल्या रेशमी कापडाचा) अंगरखा किंवा पणजीची जुनी पैठणी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ते दरबारातून आलेलेच असले पाहिजे असे नाही. ज्या वस्त्रामागे प्रसंग आहे आणि देणारा कोण हे माहीत आहे ते मानाचेच होय, आणि त्याची निगा जामदारखान्याच्याच शिस्तीने करावी लागते. ती शिस्त म्हणजे आधी नोंद आणि मग हात लावणे. घरोघरी याच्या नेमके उलट घडते.

उघडण्याआधीची तयारी

पेटी उघडण्यासाठी कोरडा दिवस निवडावा. पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावरचे दिवस, साधारण दिवाळीनंतर मार्गशीर्षापर्यंतचे, यासाठी सर्वांत चांगले. वस्त्र पूर्ण उलगडून मावेल एवढे टेबल किंवा चौरंग जोडून सपाट जागा करावी आणि तिच्यावर खळ व नीळ न घातलेली, दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढलेली पांढरी सुती चादर अंथरावी. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे, कारण जरीचा एक धागा अंगठीच्या कोंदणात अडकला तर वीतभर जर क्षणात उसवते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, आणि जरीचे वस्त्र हाताळताना पातळ नायट्राइलचे हातमोजे घालावेत, कारण घामातले क्षार चांदीवर काम करीत राहतात. त्या खोलीत चहा-पाणी नको, शाईचे पेन नको. लिहिण्यासाठी फक्त शिसपेन्सिल वापरावी.

वस्त्र कधीही दोन टोकांना धरून उचलू नये. जुन्या रेशमाला स्वतःचे वजनही पेलत नाही, आणि जरीच्या काठाचे वजन तर त्याला मुळीच पेलत नाही. खाली चादर किंवा पुठ्ठा सरकवून, ताटावर ठेवून न्यावे तसे ते न्यावे.

आमच्या आजोळी एका लोखंडी ट्रंकेत एक शेला होता. बासन, म्हणजे वस्त्र बांधून ठेवण्याचे फडके, सोडले तेव्हा वरून तो अगदी धडधाकट दिसत होता. किरमिजी रंग गडद होता, पदराची जर किंचित काळवंडली होती, एवढेच. पण पहिली घडी उलगडताच घडीच्या रेषेवर, जणू कोणी पातीने कापावे तसा, तो आरपार फाटत गेला, आणि त्या रेषेतून विटकरी रंगाची बारीक भुकटी चादरीवर पडली. ती भुकटी म्हणजे रेशीमच होते. साठ-सत्तर वर्षे तो एकाच घडीत ठेवला गेला होता. आतल्या घडीत चार बोटे रुंदीची एक मोडी चिठ्ठी निघाली. शेला कोणी, कोणत्या कार्यात, कोणाला दिला एवढेच तिच्यात लिहिले होते, आणि तो शेला नेमका कोणाचा यावरून घरात दोन पिढ्या चाललेला वाद त्या चिठ्ठीने मिटवला. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की कापडाइतकीच त्याची नोंद जपली पाहिजे, कारण नोंद हरवलेले मानाचे वस्त्र हे केवळ जुने कापड उरते.

नोंदवही

म्हणून सर्वांत आधी वही करावी. पेशवाईतल्या याद्यांत दिलेल्या पोशाखांची नोंद सणंगांच्या, म्हणजे कापडाच्या नगांच्या, हिशेबाने दिसते; तिवट (एक प्रकारचे पागोटे), शेला, महमुदी (तलम सुती कापड), किनखाब, चादर अशी प्रत्येक वस्तू स्वतंत्र लिहिलेली असते, आणि सणंगे किती व कोणती यावरून घेणाऱ्याचा मान कळतो. मुघलांच्या वस्त्रागारात तर कापड कोणत्या दिवशी दाखल झाले याप्रमाणे त्याचा क्रम लावला जाई. आपणही तेच करावे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे तिचे घरात रूढ असलेले नाव, लांबी-रुंदी, कापडाचा प्रकार, रंग, जरीची नक्षी, ठेवण्याची जागा आणि आज दिसणारे दोष लिहावेत. ‘फाटका’ असे मोघम लिहू नये. ‘डाव्या बगलेखाली दोन बोटे चीर, अस्तर शाबूत’ असे लिहावे. पुढल्या वर्षी ती चीर दोनाची तीन बोटे झाली आहे का, हे याच नोंदीवरून कळते.

यानंतर वस्त्राची हकीकत लिहावी, आणि ती कोणी सांगितली तेही लिहावे. कागदोपत्री पुरावा असलेली गोष्ट आणि आत्याने सांगितलेली आठवण या दोन्ही मोलाच्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या रकान्यांत राहू द्याव्यात. ‘हा अंगरखा पेशव्यांनी दिला’ असे पुष्कळ घरांत सांगतात. ते खरे असू शकते, पण वहीत ‘असे अमुक यांनी सांगितले’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे. वडीलधाऱ्यांना ही माहिती आजच विचारावी.

फोटो दिवसाच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी मोजपट्टी ठेवून, वस्त्राच्या दोन्ही बाजूंचे काढावेत. क्रमांक वस्त्रावर शाईने कधीच लिहू नये. धुतलेल्या सुती फितीच्या तुकड्यावर मऊ शिसपेन्सिलीने तो लिहावा आणि ती फीत अस्तराला किंवा शिवणीच्या आतल्या बाजूला दोन सैल टाक्यांनी अडकवावी. वस्त्र इतके जीर्ण असेल की सुईही नको, तर फीत नुसती बासनाला बांधावी. आत चिठ्ठी सापडली तर ती वस्त्रात परत ठेवू नये, कारण जुना कागद आम्ल होतो आणि रेशमाला डागतो. ती वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाने ठेवावी. मोडी वाचता येत नसेल तर ती जाणकाराला दाखवावी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आणि पुराभिलेखागाराच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांची परंपरा टिकून आहे.

काय आहे ते ओळखणे

निगा वस्त्राच्या जातीप्रमाणे बदलते, म्हणून एक साधे भिंग घेऊन बसावे. खरी जुनी जर म्हणजे कलाबतू असते. चांदीची तार चपटी करून ती पिवळ्या रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. भिंगाखाली ही चपटी पट्टी मळसूत्रासारखी फिरत गेलेली स्पष्ट दिसते, आणि जिथे ती सुटली आहे तिथे आतला पिवळा धागा डोकावतो. पुढच्या काळात तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जर आली, आणि आता प्लास्टिकच्या पट्टीची. जरीचा धागा जाळून पाहण्याची पद्धत सराफ-व्यापारी वापरतात, ती मानाच्या वस्त्रावर वापरू नये.

औरंगाबादी हिमरूत ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी असतो. मश्रूत उलट असते, वर रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुती. अशा मिश्र कापडात रेशीम आधी झिजते आणि सूत उघडे पडते, ते डाग समजून घासू नये. रंगांपैकी कुसुंब्याचा गुलाबी-लाल सर्वांत नाजूक असतो. तो उजेडाने उडतो आणि साबणासारख्या क्षाराने तर निघूनच जातो. लोहाच्या साहाय्याने केलेला जुना काळा रंग मात्र स्वतः टिकतो आणि धाग्याला खातो, म्हणून कित्येक जुन्या वस्त्रांत बाकी नक्षी शाबूत असते आणि फक्त काळी रेघ गळून गेलेली असते. तो कसरीचा उपद्रव समजून लोक औषधे घालत बसतात.

स्वच्छता, आणि जरीचा काळेपणा

धुणे नको. रिठ्याचे पाणीही नको. आपल्या आज्या रेशीम रिठ्यात धूत असत हे खरे, पण ते नेसण्यातले, धडधाकट रेशीम होते. शंभर वर्षांच्या रेशमाचा धागा ओला झाला की अधिकच दुबळा होतो, अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, आणि जुने रंग एकमेकांत उतरतात. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रात कापड फिरते, आणि त्या फिरण्याने जीर्ण वस्त्राच्या चिंध्या होतात. माझ्या माहितीतल्या एका घरी किनखाबाची बाराबंदी अशी ‘स्वच्छ’ होऊन आली तेव्हा तिचा एक बंद आणि बगलेची कळी पिशवीत सुटी मिळाली.

धूळ मात्र काढावी, कारण तिचे कण धाग्यांना कापतात आणि ओलावा धरतात. व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी ओढीवर ठेवून, वस्त्रावर नायलॉनची बारीक जाळी पसरून तिच्यावरून तोंड टेकवत टेकवत न्यावे. घासत नेऊ नये. सुटी टिकली, उसवलेली जर किंवा तुटके धागे असतील तिथे यंत्र अजिबात नेऊ नये. मऊ केसांच्या कुंचल्याने धूळ हलकेच जाळीकडे लोटावी. जुन्या टाचण्या, सेफ्टी पिना, स्टेपल दिसतील तर आधी त्या काढाव्यात, कारण त्यांच्या गंजाचा डाग पुढे निघत नाही.

जरीचा धागा काळा पडतो तो चांदीवर गंधकाची क्रिया होऊन. चिंच, लिंबू, दातांची पेस्ट, चांदी उजळण्याचा द्रव या सर्व गोष्टी तो काळा थर काढतात हे खरे, पण त्याबरोबर सोन्याचा मुलामाही जातो, तो पुन्हा कधीच येत नाही, आणि द्रव आतल्या रेशमात मुरून ते कुजवत राहतो. काळवंडलेली जर ही वयाची खूण समजून तशीच राहू द्यावी. ती आणखी काळी होऊ नये एवढे आपल्या हाती आहे: रबर बँड, फोम, रबरी चटई जवळ ठेवू नये, आणि लोकरीची शाल व जरीचे वस्त्र एका बासनात ठेवू नये, कारण लोकरीतून गंधकाचा अंश सुटत राहतो. कित्येक घरांत शालजोडी आणि शेला मानाची जोडी म्हणून एकत्रच बांधतात. ती जोडी वहीत एकत्र लिहावी, पण कपाटात वेगळी ठेवावी.

चीर पडली असेल तर डिंक, फेव्हिकॉल, इस्त्रीने चिकटणारे कापड यांपैकी काहीही लावू नये, आणि चांगल्या रफूगारालाही लगेच देऊ नये. रफूचा नवा धागा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो. तो ओढ घेतो आणि शेजारची वीण फाडतो. जीर्ण भागाखाली आधाराचे रंगवलेले कापड घालून अत्यंत बारीक टाके घालण्याचे काम वस्त्रसंवर्धकाचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, आणि लखनौला सांस्कृतिक संपत्तीच्या संवर्धनासाठी १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे पत्र पाठवताना आपल्या वहीतली नोंद आणि फोटो सोबत जोडावेत, म्हणजे सल्ला नेमका मिळतो.

घडी, गुंडाळी आणि बासन

शेला, पैठणी, दुपट्टा अशी सपाट वस्त्रे घडी न घालता नळीवर गुंडाळलेली उत्तम. नळी निदान आठ-दहा सेंटिमीटर व्यासाची आणि कापडाच्या पन्ह्यापेक्षा लांब असावी. पुठ्ठ्यातले आम्ल कापडाला लागू नये म्हणून तिच्यावर आधी पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म किंवा अॅल्युमिनियमचा कागद आणि मग धुतलेली मलमल गुंडाळावी. जरीची बाजू बाहेर येईल अशा बेताने, मध्ये मलमलीचा थर देत, न ताणता वस्त्र गुंडाळावे. वरून पुन्हा मलमल घालून सुती फितीने सैल बांधावे. दोरी किंवा सुतळी रुतते.

अंगरखा, झगा, बाराबंदी गुंडाळता येत नाही आणि हँगरवर टांगता तर मुळीच येत नाही, कारण जरीच्या घेराचे सगळे वजन खांद्याच्या दोन शिवणींवर येते. अशी वस्त्रे पेटीत आडवी ठेवावीत, बाह्यांत मलमलीच्या सैल गुंडाळ्या घालाव्यात, आणि घडी घालणे भागच असेल तर प्रत्येक घडीच्या पोटात मनगटाएवढी जाड, मऊ गुंडाळी ठेवावी, म्हणजे घडीला धार येत नाही. दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदलावी. पगडी किंवा बांधलेले पागोटे असेल तर आतून तिच्या घडणीची मलमलीची उशी बसवावी. वर दुसरे काहीही रचू नये.

बासनासाठी मांजरपाट किंवा मलमल घेतली तर ती आधी गरम पाण्यातून काढून तिची खळ पूर्ण घालवावी, कारण खळीला झुरळ आणि कसर दोन्ही लागतात. रंगीत किंवा छापील कापडाचे बासन करू नये, वर्तमानपत्राचा कागद तर अजिबात नको. पेटी लाकडाची असेल तर लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफा अडवण्यासाठी, आणि लोखंडाची असेल तर गंजासाठी, आत पॉलिएस्टर फिल्म व मलमलीचे तीन-चार थर द्यावेत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत वस्त्र ठेवू नये, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जिथे आत अडकलेला दमटपणा आठवड्यात बुरशी आणतो.

जागा, पावसाळा आणि कसर

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. स्वयंपाकघराच्या शेजारी किंवा पाण्याच्या टाकीखाली नसावे. आत एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. काटा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत राहिला तर उत्तम, आणि पासष्टच्या वर दिवसेंदिवस राहू लागला की बुरशीची वाट पाहत बसू नये. सिलिका जेलच्या पुड्या वस्त्राला न टेकवता पेटीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात आणि रंग बदलताच त्या सुकवून परत वापराव्यात. आषाढ-श्रावणात पेट्या विनाकारण उघडू नयेत, बाहेरची ओल आपणच आत घेतो.

‘उन्हे दाखवणे’ ही आपली जुनी रीत गाद्या-गोधड्यांसाठी योग्य आहे. रेशमाला मात्र ऊन दाखवू नये. वर्षातून एकदा, कोरड्या हवेत, सावलीच्या खोलीत, खिडक्यांचे पडदे ओढून दोन-तीन तास वस्त्र उलगडून ठेवले की पुरते.

डांबरगोळ्यांची वाफ माणसांनाही अपायकारक असते आणि वस्त्रावर तिचे कण बसतात, म्हणून त्या वापरू नयेत. वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून, बासनाच्या बाहेर, कापडाला न लागता ठेवायला हरकत नाही; पण त्याचा उपयोग मर्यादित आहे, आणि खरे रक्षण दर महिन्याच्या पाहणीने होते. बासनाच्या कडांना बारीक भुकटी, रिकामी कात, रेशमी कोषासारखी नळी किंवा नवे भोक दिसले की ती वस्तू ताबडतोब वेगळी करून जाड पिशवीत बंद करावी. लोकरीच्या किंवा साध्या सुती वस्त्राची हवाबंद पिशवी उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवून, बाहेर काढल्यावर चोवीस तास न उघडता ठेवली, तर किडी व अंडी मरतात. मणी, टिकल्या, चित्रकाम किंवा फार जीर्ण रेशीम असेल तर हा उपाय घरी करू नये.

नेसणे, मांडणे, सोपवणे

दसऱ्याला, लग्नामुंजीत हे वस्त्र अंगावर घ्यावे की नाही, हा घरातल्या भावनेचा प्रश्न आहे, आणि तिचा मला आदर आहे. तरीही सांगावेसे वाटते की घडीवर चीर पडू लागलेले वस्त्र नेसू नये. पूजेत ताटात मांडावे, त्यावर हळद-कुंकू, अक्षता, फुले टाकू नयेत, तर ती शेजारच्या दुसऱ्या ताटात वाहावीत. काचेच्या चौकटीत लावायचे असेल तर काच कापडाला टेकू नये, उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत असावा, आणि काही महिन्यांनी ते उतरवून विश्रांती द्यावी.

वस्त्र कोणालाही देताना, मग तो सख्खा भाऊ का असेना, वहीत तारीख, कारण आणि परत येण्याचा दिवस लिहून सही घ्यावी. जामदारखान्यात जमा आणि खर्च या दोन बाजू होत्या, आणि घरोघरीची वस्त्रे गेली ती बहुधा खर्चाची बाजू न लिहिल्यामुळेच. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे पाठवण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष व कलासंपत्ती कायदा ध्यानात घ्यावा: शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वय नक्की नसेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारावे. वस्तुसंग्रहालयाला देणगी द्यायची असेल तर वस्त्रासोबत वहीची पूर्ण नक्कल, मोडी चिठ्ठीची छायाप्रत आणि सांगोवांगीच्या आठवणींचा रकानाही द्यावा, आणि मूळ वही स्वतःकडे ठेवून तिच्या खर्चाच्या बाजूला त्या वस्त्राची शेवटची ओळ लिहावी.